पहिली पंचवीस मिनिटं

"बाकी सगळं ठीक आहे," वगीह म्हणाला, "पण ह्या शिहाबला घरचं वळण नाही."

इंटरव्हल चालू होता. निर्मीन चहाचा पेला तोंडाशी नेत होती, तो वाटेतच थांबला. निर्मीनचं थिएटरसमोरच औषधांचं दुकान आहे. वय छत्तीस, दोन मुलींची आई, आणि सुपरहिरोंच्या बाबतीत अख्ख्या पोर्ट सईदमधला शेवटचा शब्द. शिहाबला अमेरिकेत काय म्हणतात ते अमेरिकेला माहीत. आमच्याकडे तो शिहाब, म्हणजे उल्का. अकरा वर्षांत त्याचे सहा सिनेमे आणि दोन मालिका झाल्या होत्या, आणि गावात त्याच्याविषयी लोक असे बोलत की तो जणू मासळीबाजाराच्या मागे राहतो.

"वळण नाही म्हणजे?" निर्मीनने विचारलं.

"म्हणजे काय? कुणी सरळ बोललं तरी हा खेकसतो. रात्री-अपरात्री घराबाहेर. एकदा तरी आईला सांगून गेलाय?"

"काका, त्याची आई मेलीये!"

"कधी?"

"पहिल्याच सिनेमात! पहिल्या दहा मिनिटांत! आई, बाप, घर, सगळं जळतं. त्या आगीतूनच तर त्याला शक्ती मिळते!"

वगीहने हातातली बॅटरी बंद केली. "अल्ला तिला शांती देवो," तो म्हणाला. "मला कुणी बोललं नाही."

वगीह आमच्या थिएटरातला बॅटरीवाला. तिकीट बघायचं, अंधारात प्रेक्षकाला खुर्चीपर्यंत न्यायचं आणि पाय सांभाळा म्हणायचं, हे काम त्याने तेहतीस वर्षं केलं. कुठलाही सिनेमा तो तीस-चाळीस वेळा बघायचा, आणि त्याची मतं मी वर्तमानपत्रांतल्या परीक्षणांपेक्षा जास्त मानायचो, कारण परीक्षणवाले एकदाच बघतात आणि तेही बसून. पण सुरुवात त्याने एकाही सिनेमाची पाहिलेली नव्हती. आमच्या गावात तीनचा खेळ म्हणजे लोक सव्वातीनला कपडे घालायला घेतात. सिनेमा सुरू झाल्यावर पंचवीस मिनिटं माणसं येतच राहतात, आणि उशीर झालेला प्रत्येकजण सांगतो की फेरीबोट अडकली होती. कालव्यापलीकडचे सांगतात ते एक वेळ समजू शकतं. थिएटरच्या वरच्या मजल्यावर राहणारं एक कुटुंबही हेच सांगायचं.

आता गंमत अशी की सुपरहिरोंवर जे काही कोसळतं ते नेमकं पहिल्या पंचवीस मिनिटांत कोसळतं. आईबाप तेव्हा जातात, गावं तेव्हा बुडतात, मित्र तेव्हा दगा देतात. वगीहला ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याला एवढंच दिसायचं की चांगली धडधाकट माणसं विनाकारण घुश्शात आहेत आणि नवी कोरी शहरं मोडतायत.

"आणि मालिका?" मी विचारलं. "त्या तर तू घरी बघतोस ना?"

"बघतो की. दुसऱ्या भागापासून."

"का?"

"सवय, उस्ताद. पहिला भाग लावला की बसवतच नाही. सारखं वाटतं, दाराशी कुणीतरी उभं आहे."

तरी त्याची मतं ठाम होती. हल्ली ह्या लोकांना एक जग पुरत नाही, सतरा-सतरा जगं लागतात, हे त्याला पटत नसे. "एका जगातला एकच शिहाब आपल्याला झेपत नाही. त्यात दुसऱ्या जगातला शिहाब येतो, तोही चिडका." मेलेली माणसं पुढच्या सिनेमात परत येतात ह्यावर तर तो नाराजच होता. "मग आम्ही रडलो ते काय फुकट? हॉलमध्ये बायका रुमाल भिजवून गेल्या. त्यांना कोण सांगणार?" सिनेमा समजायला आधी आठ भागांची मालिका बघावी लागते, हा त्याच्या मते सरळसरळ गृहपाठ होता. आणि हल्लीचे सिनेमे इतके काळोखे असतात की मारामारी कुणाची चाललीय ते बघायला पडद्यावर बॅटरी मारावीशी वाटते, असंही तो म्हणायचा. "पण एक आहे," तो शेवटी म्हणायचा, "पोरं खुर्चीवरून उठत नाहीत. बाकी सिनेमांत सारखी लघवीला जातात."

त्या दिवशी मात्र इंटरव्हल संपताना तो निर्मीनला म्हणाला, "तुझ्या फोनवर आहे का ती आग?"

"आहे ना. दाखवू?"

"नको. वीस फुटांचा माणूस पाच इंचांत बघायचा? मी त्याला अकरा वर्षं नावं ठेवली. बघायचं तर त्याच्या मापाने बघायला हवं."

पुढच्या गुरुवारी वगीह साठ वर्षांचा होऊन निवृत्त होत होता. शेवटचा खेळ तीनचा. त्याच दिवशी शिहाबचा शेवटचा सिनेमा लागणार होता, आणि निर्मीनच्या माहितीप्रमाणे तो त्या आगीपासूनच सुरू होणार होता, ह्या वेळी सगळं बापाच्या नजरेतून. ती तडक मॅनेजर हाजी सरवतकडे गेली. मीही मागोमाग गेलो.

"हाजी, गुरुवारी सुरुवातीला काकांना खुर्चीवर बसू द्या."

"बसू दे की!" हाजी म्हणाले. "लोक वेळेवर आले तर खुशाल बसू दे!" आणि ते इतके हसले की त्यांना खोकल्याची उबळ आली. निर्मीनने सवयीने विचारलं, खोकला कोरडा आहे का. मग म्हणाली, "येतील. वेळेवर येतील."

तो आठवडाभर तिच्या दुकानात जो आला त्याला औषधाबरोबर तंबी मिळाली. "ही सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर. आणि गुरुवारी अडीचला थिएटरात." रक्तदाबवाल्यांना तिने वेगळं सांगितलं, धावत यायचं नाही, लवकर निघायचं. कारण विचारणाऱ्याला कारण सांगायची. कारण कळल्यावर कुणी वाद घातला नाही. वगीहने ज्याला कधी ना कधी अंधारात हात धरून नेलं नव्हतं, असं गावात होतं कोण?

गुरुवारी दोन वाजता थिएटरबाहेर रांग लागली. चौकातला वाहतूक पोलीस धावत आला. "कसला मोर्चा आहे?"

"सिनेमा आहे."

"कितीचा?"

"तीनचा."

त्याने घड्याळ बघितलं, रांग बघितली, आणि काही असो, म्हणून साहेबांना फोन लावून ठेवला.

पावणेतीनला हॉल भरला. वगीह इस्त्रीच्या शर्टात, प्रत्येकाला खुर्ची दाखवून झाल्यावर रिकाम्या दाराकडे बघत उभा राहिला. असं दार त्याने ह्या वेळेला कधी पाहिलं नव्हतं. निर्मीनने त्याच्या दंडाला धरून सातव्या रांगेत मधोमध नेलं. तो बसला, पण दाताच्या डॉक्टरकडे बसतात तसा.

तीन वाजले. पडदा पांढरा. तीन-पाच झाले. पडदा पांढरा.

सिनेमाच्या मशीनचा पासवर्ड फक्त हाजी सरवतना ठाऊक होता, आणि हाजींचा आपल्या गावावर पूर्ण विश्वास होता. ते कालव्यापलीकडे पोर्ट फुआदला बहिणीकडे निवांत जेवत होते. फोन केला तेव्हा आधी त्यांना पटेना. मग पटलं, आणि ते निघाले, तर कालव्यातून जहाजांचा तांडा चाललेला. बोट अडकली होती. खरोखर अडकली होती.

आता पांढऱ्या पडद्यासमोर माणसाने किती वेळ बसावं? सव्वातीनला कुणीतरी चहाला म्हणून उठलं. मग दुपारच्या नमाजाची, अस्रची बांग झाली, काही मशिदीत गेले. मग भाजलेल्या बिया, मग तामियाची गरम भजी. मीही गेलो, खोटं कशाला सांगू. तीन-पस्तीसला शंभरेक माणसं रस्त्यावर होती आणि निर्मीन त्यांना हाकत होती. "आत चला! चहा आत न्या! अहो, आत चला!"

तेवढ्यात हाजी आले. लोक आपल्याला कच्चं खातील ह्या भीतीने ते मागच्या जिन्याने धावत मशीनच्या खोलीत गेले आणि खाली न बघताच त्यांनी सिनेमा सुरू केला. आयुष्यात पहिल्यांदा, जाहिरातीही न दाखवता.

आम्ही बाहेरच्या दालनात पोचलो तेव्हा आत अंधार झाला होता. निर्मीन सगळ्यांत पुढे होती. तिने दाराच्या मुठीवर हात ठेवला, पण दार ढकललं नाही.

"काय झालं?" मागून कस्टमचे रिफअत अफंदी म्हणाले. हे गृहस्थ एवढे रुंद की त्यांना नेहमी कडेची खुर्ची लागते.

"आत गेलो तर काका उठतील."

हे खरं होतं. एकजण जरी अंधारात ठेचकाळला असता, तरी वगीह उठला असता.

"बाई, मी ह्या सिनेमासाठी अकरा वर्षं थांबलोय," रिफअत अफंदी म्हणाले.

"मी पण," निर्मीन म्हणाली. "मी चौदा वर्षांची असताना एकटी यायचे सिनेमाला. पोरं छेडायची. काका मला खांबाजवळची खुर्ची द्यायचे आणि पूर्ण सिनेमाभर तिथेच उभे राहायचे. तिथून पडदा अर्धाच दिसतो. मी एकदा त्या जागी उभी राहून बघितलंय."

रिफअत अफंदींनी हातातल्या तिकिटाकडे बघितलं. मग ते जिन्याच्या पायरीवर बसले, आणि जिना त्यांनी पूर्ण भरला.

दाराला एक गोल काच आहे. मी त्यातून बघितलं. सातव्या रांगेत वगीहचं डोकं दिसत होतं. ते डावीकडे वळलं, उजवीकडे वळलं. रिकाम्या खुर्च्या त्याला मोजाव्या लागत नाहीत, कळतात. तो अर्धवट उठला आणि दाराकडे वळला. निर्मीनने मला बाजूला सारून काचेला तोंड लावलं आणि तळहात खाली दाबून दाखवला. बसा. बसा म्हणते ना.

तो तसाच वाकलेला राहिला. एवढ्यात पडद्यावर काहीतरी पेटलं असावं. त्याच्या अर्ध्या चेहऱ्यावर नारिंगी उजेड पडला. त्याने मान वळवली, आणि पडद्याकडे बघत बघत हळूहळू खाली बसला.

बाहेर आम्ही शंभर माणसं. आतून स्फोट ऐकू यायचे, मग एका लहान मुलाचा आवाज, मग बराच वेळ काहीच नाही. निर्मीन दाराला पाठ लावून उभी होती. कुणी बिया फोडायला लागलं की ती नुसतं बघायची आणि बिया खिशात जायच्या. हाजी सरवत घाम पुसत खाली आले.

"अरे, सिनेमा सुरू झालाय! बाहेर काय करताय?"

"काका बघतायत," कुणीतरी म्हणालं.

हाजींनी काचेतून आत बघितलं. बरंच बोलणार होते, असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं. मग ते वळले आणि आमच्यावरच डाफरले, "मग हळू बोला की!"

पंचवीस मिनिटांनी दार आतून उघडलं. वगीह उभा होता. डोळे लाल. पंचवीस मिनिटं झाली हे त्याला सवयीने, घड्याळाशिवाय कळलं होतं. आमच्याकडे एकदा बघून तो एवढंच म्हणाला: "चला. तिकिटं हातात ठेवा."

त्याने एकेकाला आत नेलं. घाई केली नाही. रिफअत अफंदींना कडेची खुर्ची, मला दहावी रांग. निर्मीन सगळ्यांच्या शेवटी आली. तिची खुर्ची माझ्या पुढची. ती बसली तरी तो गेला नाही. वाटेतच गुडघ्यावर बसला आणि कुजबुजायला लागला.

"आग बापाच्या हातूनच लागलेली असते बघ. मुद्दाम नाही. तो पोराला गोष्ट सांगत असतो, तो हा शिहाब, एवढासा, त्याच्या मांडीवर. खाली दूध गॅसवर राहिलेलं. आणि पोरगा म्हणतो, बाबा, वास येतोय. तर बाप म्हणतो, थांब, गोष्ट संपू दे."

"मग?" निर्मीन म्हणाली.

"सांगतो. आणि मी त्याला वळण नाही म्हणत होतो, निर्मीन. अकरा वर्षं."

"मग काय झालं, काका?"

तो सांगत गेला. बोलता बोलता गुडघा दुखला असावा, कारण तो उठून उभाच राहिला, हातवारे करत, बरोबर पडद्याच्या मध्ये. मागच्या रांगांतून शिट्टी आली. "ओ, कोण उभं आहे तिथे? बसवा रे त्याला कुणीतरी!"

वगीहने मागे वळूनही पाहिलं नाही. त्याच्या सांगण्यात आग अजून स्वयंपाकघराच्या दारापर्यंतच पोचली होती.