फोटो नको म्हणजे नको

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. हातात धरायचा, बॅटरीवर चालणारा, मुठीपाशी बटण असलेला. कधीकाळी पांढरा होतो, आता पिवळा पडलो आहे आणि कडेला एक तडा आहे. आपली कहाणी सांगताना गोड बोलावं, कुणाचं उणं काढू नये, हे मलाही कळतं. पण मला राग आला आहे. तो गिळून पाहिला, गिळला जात नाही. म्हणून तुमच्यापुढे ठेवतो.

माझा जन्म निश शहरातल्या एका कारखान्यात झाला. तो कारखाना आता नाही. त्या जागी गाद्यांचं दुकान आहे. मला जोडणाऱ्या बायका कामावर असताना सारख्या बोलत असत. तपासणीच्या टेबलावर एकीने माझं बटण दाबून "हॅलो, हॅलो" केलं आणि म्हणाली, "अगं बाई, हा तर थेट माझ्या सासूसारखा बोलतो!" सगळ्या पोट धरून हसल्या. माझ्याविषयी बोललं गेलेलं ते पहिलं वाक्य. मला ते कौतुकच वाटलं.

तिथून मी तांत्रिक शाळेत आलो. व्यायामाच्या सरांच्या हातात माझी बरीच वर्षं गेली. "गुडघे वर! लग्नाला निघालात की शर्यतीला?" असं मी मैदानभर ओरडत असे. मुलं मला घाबरत आणि सुट्टीत लपूनछपून माझ्यातून एकमेकांना शिव्याही देत. मग भिंतींवर नवे कर्णे बसले. माझी रवानगी कपाटात झाली, फाटक्या जाळ्या आणि हवा गेलेल्या चेंडूंखाली. पोटातल्या बॅटऱ्या काढायचंही कुणाला सुचलं नाही. त्या तिथेच फुटल्या, पाझरल्या. गरज सरो नि वैद्य मरो, दुसरं काय!

मला बाहेर काढलं देसांकाने. ती शाळेचे संगणक सांभाळते. तिचा आवाज इतका हळू की बेकरीत बटाट्याचा बुरेक, म्हणजे थरांची भाजलेली पॅटिस, मागितला तर हातात मांसाचा पडतो, आणि शुक्रवार असला तर ती तो गुपचूप शेजाऱ्याला देऊन टाकते, कारण बुधवार-शुक्रवारी मांस न खाण्याचा उपास तिने कधी मोडला नाही. तिने जुन्या टूथब्रशने आणि व्हिनेगरने माझं पोट घासलं, नव्या बॅटऱ्या घातल्या आणि बटण दाबून इतकंच म्हणाली, "ऐकू येतंय का?" अख्ख्या जिमखान्यात ऐकू गेलं. ती स्वतःच दचकली.

आता ते काम सांगतो, ज्यासाठी तिने मला उठवलं. आमच्या शाळेच्या जिमखान्यात दर वसंतात संगणक-सुरक्षेचा मेळावा भरतो. चोर फोनमध्ये, बँकेत, दवाखान्याच्या संगणकात कसे शिरतात आणि ती भोकं कशी बुजवायची, हे लोक एकमेकांना शिकवतात. या मेळाव्याला मालक नाही. तो स्वयंसेवकांचा आहे. देसांका त्यांची प्रमुख. तारा ओढणं, खुर्च्या मांडणं, कॉफी करणं, कपबशा विसळणं, पाहुण्यांना स्टेशनवरून आणणं आणि सगळे गेल्यावर फरशी पुसणं, ही त्यांची कामं. पगार नाही, मान नाही. एकदा वसा घेतला, तो टाकला नाही, एवढंच.

या मेळाव्याचा एक रिवाज आहे. गळ्यात नावाची पाटी अडकवायला प्रत्येकाला फीत मिळते. ज्याचा फोटो काढलेला चालतो त्याला निळी. ज्याला चालत नाही त्याला लाल. सरकारी कचेरीतली ती लाल फीत नव्हे, मित्रांनो! ही फीत बोलते: माझा चेहरा माझा आहे, तो नेऊ नका. लाल फीतवाल्याचं खरं नावही कुणी विचारत नाही. म्हणून तर तिथे माणसं मोकळेपणी बोलतात. दर वर्षी सकाळी दारात उभी राहून देसांका माझ्यातून सांगायची, "लाल फीत दिसली की कॅमेरा खाली." आणि कॅमेरे खाली होत.

मग एका वर्षी एक विमा कंपनी मदतीला आली. तिला आणलं मिओद्रागने. तो देसांकाचा कुम. म्हणजे तिच्या लेकीच्या बाप्तिस्म्याला पोरीला हातावर घेणारा धर्मपिता. ती त्याला म्हणते कुम, तो तिला म्हणतो कुमा. आमच्याकडे हे नातं रक्ताहून जड. 'कुम म्हणजे काय शर्टाचं बटण, तुटलं तर दुसरं लावायला?' असं आमच्याकडे म्हणतात. कुमाशी भांडणं हे पाप.

मेळाव्याच्या सकाळी कंपनीची खोकी उघडली. आत सगळ्यांसाठी फिती होत्या. फुकट. सुंदर. आणि झाडून साऱ्या लाल.

"कुम, या लाल आहेत," देसांका म्हणाली.

"कंपनीचा रंगच लाल आहे ना कुमा!" मिओद्राग हसला. "आणि फुकट घोड्याचे दात मोजू नयेत. दुपारचं जेवणही तेच देताहेत."

"पण फोटो नको असणारे कसे ओळखायचे?"

मिओद्रागने चुटकी वाजवली. "सोपं आहे! ज्यांना नको त्यांनी दोन फिती घालायच्या."

बघा हं, हुशार माणसांची चूकही कशी हुशार असते! दोन सारख्या फिती एकीवर एक बसल्या की समोरून एकच दिसते. आणि ही नवी खूण जाहीर कुठे केली? स्वयंसेवकांच्या फोनवरच्या कुलूपबंद गटात. त्या गटात बाहेरचं चिटपाखरू शिरू शकत नाही, याचा त्यांना केवढा अभिमान! कंपनीचा फोटोवाला स्रेतेन बाहेरचाच होता. त्याला कोण सांगणार? आणि मला मात्र त्या सकाळी कंपनीच्या टेबलाखाली ठेवलं होतं. "पाहुण्यांपुढे ते जुनाट भांडं नको," असं मिओद्राग म्हणाला होता.

त्या दिवशी बोलणाऱ्यांत विदोसावा नावाची बाई होती. एका खासगी दवाखान्यात ती रक्त तपासते. घरात म्हातारी आई, शाळेत जाणारा मुलगा आणि कमावती ही एकटी. दवाखान्याच्या वेबसाइटवर पत्त्याच्या ओळीतला एक आकडा बदलला की भलत्याच माणसाचा रिपोर्ट उघडतो, हे तिला दिसलं होतं. साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "तू रक्त तपास. संगणक तपासू नकोस. बाहेर बोललीस तर उद्यापासून येऊ नकोस." म्हणून ती इथे विचारायला आली होती, की असं भोक दिसल्यावर माणसाने करावं काय. तिने दवाखान्याचं नाव घेतलं नाही. स्वतःचंही नाही. देसांकाने दारातच तिच्या गळ्यात दोन लाल फिती घातल्या होत्या. बोलायला उठताना तिने देसांकाला विचारलं, "नक्की ना गं? माझा फोटो नाही ना येणार?"

"नक्की," देसांका म्हणाली. हा शब्द तिने दिला होता, मित्रांनो. ध्यानात ठेवा.

स्रेतेन पहिल्या रांगेत बसला होता. त्याने विदोसावाचे फोटो काढले. मागे पडद्यावर 'कुणाचाही रक्ताचा रिपोर्ट कुणालाही दिसतो' असं मोठ्या अक्षरांत होतं. जेवणाच्या आधीच फोटो कंपनीच्या पानावर झळकला. खाली ओळ होती: 'रुग्णांच्या खासगीपणासाठी लढणारी धाडसी स्त्री, आमच्यासोबत!'

विदोसावाचा फोन वाजला. दवाखान्यातली मैत्रीण होती. तिचा आवाज टेबलाखाली मलाही ऐकू येत होता. "अगं विदा, फोटो पाहिला तुझा! केस काय मस्त कापलेस! मी सगळ्यांना पाठवला, साहेबांनासुद्धा!"

विदोसावा भिंतीला टेकली.  कंपनीचं पान उघडून तिने तो फोटो देसांकापुढे धरला. देसांकाने आधी तिला खुर्ची दिली, मग ती तडक कंपनीच्या टेबलापाशी गेली. तिथे कंपनीचे वेल्को साहेब जेवत बसले होते.

"साहेब, तो फोटो काढून टाका. आत्ता."

"बाई, पान मुख्य कचेरीच्या हातात आहे. आज शनिवार. सोमवारी बघू."

"सोमवारी ती कामावर जाणार आहे, साहेब."

"मग छानच की! फोटो फारच सुंदर आलाय." वेल्को साहेबांनी पावाचा तुकडा मोडला. "हे बघा, तुम्ही स्वयंसेवक. हौशी मंडळी. हौसेच्या कामात माणसाने इतकं मनाला लावून घेऊ नये."

हौशी! चुलीवर ठेवल्यासारखा मी तापलो. जी बाई बिनपगारी फरशी पुसते तिचा शब्द हौशी, आणि हे पगार घेऊन पाव मोडतात त्यांची बेपर्वाई तेवढी व्यावसायिक?

स्रेतेन बिचारा खाली मान घालून म्हणाला, "मला काय ठाऊक, ताई? सगळ्यांच्याच गळ्यात लाल आहे."

मिओद्राग धावत आला. "कुमा, हळू! जेवण त्यांचं आहे. पुढच्या वर्षीही द्यायचं म्हणताहेत. एका फोटोवरून कुठे..."

देसांका त्याच्याकडे बघत राहिली. कुमाला उलटून बोलणं तिच्या जिभेला जमेना.  मग ती खाली वाकली, टेबलाखालून मला ओढून काढलं आणि खुर्चीवर चढली. तोंडावर बोलता येत नव्हतं ते ती माझ्या तोंडून बोलली.

"मी देसांका. आज सकाळी मी एका बाईला शब्द दिला होता, तिचा फोटो येणार नाही. तो मोडला. मोडला, कारण आम्ही सगळ्यांच्या गळ्यात एकच रंग घातला. फुकट मिळाला म्हणून घातला. ज्यांना फोटो नको, त्यांनी ही फीत ठेवा. बाकी सगळ्यांनी काढा. आत्ताच्या आत्ता."

 मग मागून एक आजोबा ओरडले, "काढली! मला तशीही ती गळफासासारखी वाटत होती!" लोक हसले, आणि हसता हसता उठले. एकेक जण येई, कंपनीच्या टेबलावर फीत टाकी आणि जाई. वेल्को साहेबांच्या पावावर, त्यांच्या कॉफीत, त्यांच्या मांडीवर फिती पडल्या. तो लाल ढीग मी कधी विसरणार नाही.

"हा अपमान आहे! आमचं जेवण परत जाईल!" वेल्को साहेब उठले.

"न्या," देसांका माझ्यातून म्हणाली. "आणि फोटो काढा. सोमवारी नव्हे."

आणि मित्रांनो, गंमत ऐका. शनिवारी बंद असलेली ती मुख्य कचेरी एका फोनवर उघडली! फोटो गेला. म्हणजे तो पहिल्यांदा मागितलं तेव्हाच जाऊ शकला असता. माझा राग तिथेच आहे. त्यांना येत नव्हतं असं नाही. त्यांना पडली नव्हती.

जेवण परत गेलं. स्वयंसेवकांनी बेकरीतून पाव आणले, कुणी घरून आयवारच्या, म्हणजे भाजलेल्या लाल मिरचीच्या चटणीच्या, बरण्या आणल्या. मिओद्राग पाव कापायला बसला. त्याने मान वर केली नाही. निघताना तो देसांकाला म्हणाला, "कुमा, तू मला चारचौघांत..." ती म्हणाली, "तुझं नाव मी घेतलं नाही, कुम." हे खरं होतं. त्याने अजून तिच्या घराची पायरी चढलेली नाही. लेकीच्या वाढदिवशी ती त्याच्यासाठी ताट मांडते आणि ते तसंच उचलते.

पण फोटो जाण्याआधी दवाखान्याच्या साहेबांनी पाहिला होता. सोमवारी विदोसावाला कामावरून काढलं. त्याच आठवड्यात दवाखान्याने ते भोकही बुजवलं, मुकाट्याने, तिचं नाव न घेता. आज त्या शहरातल्या लोकांचे रिपोर्ट झाकलेले आहेत, आणि ज्या बाईने ते झाकायला लावले ती आईची औषधं उधारीवर आणते आहे. सांगा, राग येऊ नये तर काय यावं?

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंची निगा राखा, असं मी सांगणार नाही. माझं पोट व्हिनेगरने साफ होतं. दिलेला शब्द तसा साफ होत नाही. जे बिनपगारी राबतात त्यांना हौशी म्हणू नका, आणि ते 'नको' म्हणाले तर ते 'नको' पुन्हा पुन्हा ओरडायला लावू नका. फुकट मिळालेल्या वस्तूचा रंग आधी पाहा. कुणी आपला चेहरा तुमच्या भरवशावर ठेवला असेल, तर तो उपासासारखा सांभाळा. कुणी पाहत नसतानाही.

यंदाच्या मेळाव्यात दारावर देसांका नव्हती, विदोसावा होती. ती आता स्वयंसेवक झाली आहे. कॅमेरा घेतलेला एक माणूस आत शिरला तशी तिने मला उचललं, त्याच्या कानापाशी धरलं आणि बटण दाबलं.

"दादा, माझे काढा हवे तेवढे. माझं जायचं ते गेलं. पण आतल्या एकालाही हात लावायचा नाही."

त्याने कॅमेरा पिशवीत ठेवला.