अध्यक्षांमार्फत गाऱ्हाणे

“बा देवा म्हाराजा!” दाजींनी डोळे मिटून सुरुवात केली. “ह्या सावित्रीन आज तुज्या पायाकडे नारळ ठेवल्यान हा. तिच्या घोवाच्या दुखण्याक उतार पडांदे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” देवळाचा मंडप एका सुरात म्हणाला.

“दाजीनू, ह्यां माजां गाऱ्हाणां न्हय,” सावित्री म्हणाली.

मंडपातली डोकी वळली. गाऱ्हाण्यात मध्येच कोणी बोलत नसे. बाईमाणूस तर नाहीच.

देवापुढे गाऱ्हाणे घालायचा मान दाजींच्या घराण्याचा. आजारी-अपंगांना सांभाळणाऱ्या गावातल्या दीनबंधू सेवासदनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडेच होते, कारण एक मान घरात शिरला की बाकीचेही वस्तीला येतात. सावित्रीचा नवरा गंगाराम, रेडीच्या बंदरात बार्जवर खनिज भरणारा धिप्पाड गडी, शिमग्याच्या सुमारास एका बाजूने लुळा पडला. मूलबाळ नाही, आणि तिला तो एकटीने उचलवेना. सदनाने त्याला ठेवून घेतले, हे खरे. पण जसा उताणा ठेवला, तसाच उताणा ठेवला. पाठीला, कमरेला जखमा झाल्या. त्यांना वास येऊ लागला.

तिने आधी रीतसर मार्ग धरला. व्यवस्थापक गुरुदास म्हणाला, अध्यक्षांना भेटा. अध्यक्ष खुर्चीत बसून शुद्ध मराठीत म्हणाले, “बाई, संस्थेविरुद्धची तक्रार संस्थेमार्फतच यायला हवी. आणि संस्थेचं म्हणणं असं, की तक्रार नाहीच.” मग पायरीपर्यंत पोचवायला येऊन मायेने म्हणाले, “रडतंस कित्याक गो? देव आसा मां.”

देव आहे, हे सावित्रीला पटले. नारळ ठेवणाऱ्याला दाजींना नाही म्हणता येत नाही, हेही तिला ठाऊक होते. म्हणून ती सोमवारी, देऊळ भरलेले बघून आली होती.

“मगे काय घालू?” दाजींनी विचारले.

“घाला, सदनात माज्या घोवाक कोण कुशीक वळवना नाय.”

दाजींनी घसा साफ केला. “बा देवा म्हाराजा! कोणाच्या हातसून काय चुकलां-माकलां आसात, तर पदरात घे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

आरोपीनेच फिर्याद मांडली, आरोपीनेच माफी मागितली आणि देवाच्या वतीने गावाने ती देऊनही टाकली. इतका झटपट निकाल कुठल्या कोर्टात लागत नाही.

सावित्री दाजींच्या पुढे झाली आणि गाभाऱ्याकडे तोंड करून ओरडली, “बा देवा म्हाराजा! तेच्या पाठीक भोकां पडली!”

श्वास घ्यायला ती थांबली, आणि तेवढ्यात मंडप पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीने गरजला, “व्हय म्हाराजा!”

“पाणी मागल्यान तर देनत नाय. मुतात ठेवतत!”

“व्हय म्हाराजा.” आवाज जरा खाली आला होता.

“ह्यां सगळां दाजींका म्हायत आसा!”

या वेळी ठार बहिरा बाबली तेवढा एकटाच खणखणीत म्हणाला, “व्हय म्हाराजा!”

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुदास निरोप घेऊन आला. ज्यांचा सदनावर विश्वास नाही, त्यांचा माणूस ठेवून घेऊन त्यांच्यावर अन्याय करावा, असे सदनाला वाटत नव्हते.

सावित्री धावत गेली. गंगारामला फाटकाबाहेर माडाच्या सावलीत, वाळूवर चादर घालून ठेवले होते. उताणा, जखमांवर. कालची मंडपातली माणसे रस्त्याने जात होती. सगळ्यांनाच समुद्रात काहीतरी बघण्यासारखे दिसत होते.

“देवळात बोललंस?” गंगारामने वाकड्या तोंडाने विचारले.

“बोललंय. आता गप ऱ्हवा. माका जोर लावूचो आसा.”

तिने पदर खोचला, गुडघे वाळूत रोवले आणि त्याला कुशीवर वळवायला दोन्ही हात पाठीखाली घातले. तो हलला नाही. तिने हात काढले, वाळूला पुसले आणि पुन्हा घातले.