आधीच्या माणसांची पाटी

दारावरची ती पाटी मी पहिल्याच दिवशी उखडून फेकायला हवी होती. सासूबाईंनी हात धरला.

"क्रूस आहे त्यावर. कचऱ्याच्या पिशवीत घालणार? तेही नव्या घरात पाय टाकल्या टाकल्या?"

पाटी पितळी, तळहाताएवढी. वर क्रूस, खाली टेकडीवरच्या मंडळीचं, म्हणजे चर्चचं, नाव. आमच्याकडे ज्याची जी मंडळी, तिची पाटी तो दारावर लावतो आणि घर सोडताना आपली आपण काढून नेतो. आधीच्या माणसांनी नेली नव्हती. सासूबाई म्हणाल्या, आपली मंडळी ठरेपर्यंत राहू दे, बिनपाटीचं दार बरं दिसत नाही. सामान उतरवून माझा जीव गेला होता. म्हटलं, राहू दे.

नवऱ्याचं जेचनच्या सिमेंट कारखान्यातलं काम गेलं आणि तोंगयोंगच्या गोदीत वेल्डरचं मिळालं, म्हणून आम्ही इथे आलो. नवरा, मी, सासूबाई आणि आमची दान्बी. दान्बी तेव्हा पहिलीत. माझं स्वतःचं नाव नोकजू आहे, पण ते ती जन्मल्यापासून कोणी घेतलेलं नाही. नवऱ्यापासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांना मी दान्बीची आई. आमच्याकडे बाईचं नाव पोराच्या नावाखाली पुरतात, आणि वर म्हणतात, हा मान आहे.

मंडळी शोधणं हे सोयरीक जमवण्यासारखंच, फक्त इथे सगळी स्थळं तुमच्या मागे धावतात. बंदराजवळच्या मोठ्या मंडळीत गेलो. तिथे उपदेश करणारे पाळक पडद्यावर दिसत होते, खरे कुठे उभे होते कोण जाणे. निघताना टॉवेल दिला. दुसऱ्या मंडळीत आधी नवऱ्याचा हुद्दा विचारला, मग बसायला जागा दाखवली.

"देव एकच आहे ना?" नवरा म्हणाला. "मग रविवारी मला झोपू द्या."

"झोप की," सासूबाई म्हणाल्या. "नरकात गादी नसते, इथेच झोपून घे."

आम्ही तिसरी मंडळी शोधायच्या आत ती आमच्याकडे आली.

दुपारची वेळ. दारात एक पाळक आणि त्यांच्या मागे चार-पाच बायका, हातात नासपतींची पेटी. नव्या माणसांकडे असं येतातच, घरात बसून प्रार्थना करतात. मला नवल वाटलं ते एवढंच, की आम्ही कोणाला पत्ता दिला नव्हता. पाटी पाहून आले असतील, म्हटलं.

सगळ्यांत म्हातारी होती बोंगबाई. मंडळीतली थोरली सेविका. बुटकी, गोड, हाताला कायम लसणाचा वास. चपला काढून ती सरळ स्वयंपाकघरात शिरली. तिथला एक खण अडकायचा. जरा वर उचलून उजवीकडे दाबला तरच उघडायचा, आणि ती युक्ती सापडेपर्यंत मी त्याला रोज शिव्या दिल्या होत्या. बोंगबाईने तो न बघता, बोलता बोलता उघडला आणि सुरी काढली.

"उन्ब्योलची आई, फळं मी सोलते, तू बस."

"मी दान्बीची आई," मी म्हटलं. "आधीची माणसं गेली इथून."

"अगं हो, दान्बी. म्हातारीची जीभ, घसरते."

बायका हसल्या, मीही हसले. मग पाळकांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "प्रभो, उन्ब्योलला घरी आणलंस. तिच्या आईला परत आणलंस. आम्ही मागायचं थांबवलं नाही, तूही विसरला नाहीस." सगळ्यांनी आमेन म्हटलं. सासूबाईंचा आमेन सगळ्यांत मोठा. डोळे पुसत होत्या. इतक्या मायेने त्यांच्यासाठी कोणी प्रार्थना केलीच नव्हती, मग नाव कोणाचं घेतलं याच्याशी त्यांना काय!

मायेचं हे असं असतं. कोणी धमकी दिली तर माणूस सावध होतो. कोणी नासपती सोलून हातात दिली तर काय करणार?

टेकडीवर जाऊ लागलो. छोटी मंडळी, लाकडी जमीन, आत चपला काढून सपाता घालायच्या. कप्प्यात दान्बीसाठी लाल सपातांचा जोड तयार होता, अगदी मापाचा. वसंत आला, पोरीचे शाळेचे बूट दोनदा बदलावे लागले. सपाता मात्र तशाच मापात बसत होत्या. पोरांच्या गाण्यावर हातवारे असतात, ते तिला पहिल्याच दिवशी येत होते. मागून कोणी "उन्ब्योल" म्हटलं की ती मान वळवायची.

"का वळलीस?"

"सगळे मलाच म्हणतात ना, आई."

तिसऱ्या रांगेत दोन उशा रिकाम्या ठेवलेल्या असत, एक मोठी, एक लहान. आम्ही आल्यापासून आम्हाला तिथेच बसवत. लहान उशी कायम दमट. मी ती उन्हात टाकली, पालथी केली, शेवटी घरून दुसरी नेली. ती पण दमट.

मी घरी म्हटलं, आपण दुसरी मंडळी पाहू.

"का?" सासूबाई उसळल्या. "टॉवेल देणाऱ्यांकडे जाऊ? इथे मला पोटदुखी झाली तर तिघीजणी लापशी घेऊन आल्या. तुझ्या जेचनमध्ये कोणी आलं होतं?"

"ते आपल्यासाठी येत नाहीत, आई. दुसऱ्याच कोणासाठी येतात."

"लापशी माझ्याच पोटात गेली ना!"

त्याच आठवड्यात मी धक्क्यावरच्या शेडमध्ये कालवं आणायला गेले. बायका ओळीने बसून शिंपले फोडत होत्या. पलीकडून कोणीतरी ओरडलं, "उन्ब्योलची आई, गिऱ्हाईक बघ!"

"हो," मी म्हटलं.

आणि माझ्यासमोर बसलेली बाईही म्हणाली, "हो."

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. माझ्याच वयाची होती. हातमोज्यांवर जुने रक्ताचे डाग.

"कुठे राहतेस?" तिने विचारलं.

"गोदीमागच्या हिरव्या इमारतीत. तिसरा मजला."

"पाटी काढलीस?"

मी नकारार्थी मान हलवली. तिने हातातल्या चाकूचं टोक आपल्याच अंगठ्याच्या मुळाशी दाबलं, मोज्यातून रक्त येईपर्यंत. मग तिचा आवाजच बदलला, झोपेतून उठल्यासारखा.

"नीट ऐक. दुखतंय तोवरच मी माझी असते. माझ्या मुलीचं नाव जूआ. आम्ही त्या घरात आलो तेव्हाही दारावर पाटी होती. आम्हीही काढली नाही, घर सोडतानाही तिथेच राहिली."

"मग उन्ब्योल कोण?"

"बोंगबाईची नात, त्याच घरातली. मंडळीची सहल गेली होती, त्यात बुडाली. तिला शोधायला आई पाण्यात उतरली, तीही गेली. लोक मढं पुरतात, रडतात, विसरतात. यांनी पुरलं, पण मानलं नाही. रोज पहाटे मागत बसले, परत दे, परत दे. एवढं मागितल्यावर कोणीतरी देतंच. कोण देतं ते नको विचारू." ती भरभर बोलू लागली. "एका रविवारी पोरीला पुढे उभं करतील. सगळे हात पुढे करतील आणि नाव पुकारतील. ओ द्यायची नाही."

"तुझ्या जूआने दिली?"

"नाही. आमची जूआ हट्टी. तिने तोंड उघडलंच नाही."

"मग सुटलात की!"

"उन्ब्योलची आई!" पलीकडून पुन्हा हाक आली.

"हो, आले!" ती वळली. पुन्हा माझ्याकडे पाहिलं तेव्हा चेहरा गोड, मोकळा. "बोला ताई, किती देऊ?"

मी घरी येऊन सगळं सांगितलं. नवरा म्हणाला, शेडमधल्या बायका सोजूची दारू पितात. मी म्हटलं, पीत असेल, पण माझी मुलगी त्या टेकडीवर पुन्हा जाणार नाही. भांडले. ताटल्या आपटल्या. नवऱ्याने शेवटी हात वर केले, "बरं, नको जाऊ." सासूबाई काही बोलल्या नाहीत, तिथेच मी फसले. रविवारी मी उठले तर दान्बी आणि सासूबाई दोघी घरात नव्हत्या.

टेकडी मी पळत चढले. दारात चपलासुद्धा काढल्या नाहीत. पुढे, वेदीसमोर, सासूबाई आणि लाल सपातांतली माझी दान्बी उभ्या. सगळ्या मंडळीने हात पुढे केले होते, नव्या माणसांना आशीर्वाद देताना करतात तसे. कोणाच्याही चेहऱ्यावर वाईट भाव नव्हता. मला आजही राग येतो तो त्याचाच.

मी धावत जाऊन पोरीच्या तोंडावर हात दाबला.

"उन्ब्योल," पाळक म्हणाले.

माझ्या तळव्याखाली तिचे ओठ हलले. मी आणखी दाबलं. तिचे दात मला लागले. पाळक थांबले, वाट पाहत राहिले. मग पुन्हा हळूच, "उन्ब्योल." लाकडी जमिनीवर कुठूनतरी पाणी आलं होतं, माझ्या चपला ओल्या झाल्या. मी मनात म्हणत होते, पुकारा, घसा फुटेपर्यंत पुकारा, ही ओ देणार नाही.

पाळकांनी हात खाली घेतला. मंडळीनेही घेतले. संपलं. मला रडूच आलं, सुटलो म्हणून.

तेवढ्यात मागच्या स्वयंपाकघरातून बोंगबाई एप्रनला हात पुसत बाहेर आली आणि प्रार्थनेनंतरच्या जेवणाचं दर रविवारी विचारते तसं विचारलं,

"उन्ब्योलची आई, जेवायला पानं किती मांडू तुमची?"

"पाच," मी म्हटलं.

आम्ही चार होतो.

हाकेला ओ देताना बाई विचार करत नाही. जन्मभर आम्हाला तेवढंच शिकवलंय, कोणाच्या तरी आई व्हा आणि पटकन ओ द्या. सगळी मंडळी एका दमात म्हणाली, आमेन. माझ्या मोकळ्या हातात एक लहान हात आला. गार आणि ओला.

त्याच संध्याकाळी नवऱ्याने पाटी उखडली आणि समुद्रात फेकली. सासूबाई आता रोज रडतात आणि माझ्या पाया पडतात. कोणाच्या पाया पडतात हे मला बहुतेक वेळा कळत नाही. दान्बी ठीक आहे. तिला दान्बी म्हटलं की ती येते, शाळेत जाते, दात पडला की दाखवते. तिला धक्काही लागला नाही. तिच्याकडे पाहिलं की वाटतं, शेजारची चुणचुणीत पोर आहे, हिची आई कुठे असते?

मी शेडमध्ये काम धरलंय, जूआच्या आईच्या शेजारी. चाकू निसटला की थोडा वेळ मी माझी असते. हे सगळं मी तेवढ्या वेळात सांगतेय. जूआला तिची आजी देगूला घेऊन गेली. दान्बीच्या बाबांनीही पोरीला ठेवण्याबद्दल बहिणीशी बोलणं केलंय.

गेल्या रविवारी मी तिसऱ्या रांगेत बसले होते. शेजारच्या उशीवर जिने बसायचं ती बसली होती, ओलं डोकं माझ्या दंडाला टेकून. तेवढ्यात मागच्या दारात एक लहान मुलगी येऊन उभी राहिली. धापा टाकत होती, एकटीच टेकडी चढून आली असावी.

"आई!" ती म्हणाली.

कोणी वळलं नाही. तिथे सगळ्याच आया.

"आई! चल ना घरी!"

पाळक थांबले. पोरगी हुशार होती. जरा विचार केला, ओठ चावला, आणि मोठी माणसं मारतात तशी हाक मारली, घसा ताणून,

"दान्बीची आई!"

बायकांनी माना वळवल्या. पोर कोणाला बोलावतेय ते बघायला मीही वळले.