पुलावरचा पडदा

मित्रांनो, लोकांना सिनेमा दाखवता दाखवता मी म्हातारा झालो, पण मी स्वतः मात्र एकही सिनेमा पाहिलेला नाही. कसा पाहणार? मी एक जुना पडदा आहे. चित्र माझ्या अंगावर असते आणि नजर माणसांवर. मी पाहिली ती फक्त तोंडे. हसणारी, जांभया देणारी, अंधारात गुपचूप डोळे पुसणारी.

चष्म्याच्या दुकानात काचा घासणारी एक मुलगी होती. सगळे तिला चष्मेवालीच म्हणत. इतर दिवशी ती काचा घासायची आणि सुट्टीच्या दिवशी कॅमेरा गळ्यात अडकवून गावभर हिंडायची. शिकवले कोणी नव्हते, हौस मात्र दांडगी! तिला पडदा हवा होता, म्हणून तिच्या मावशीने दोन पांढऱ्या चादरी जोडायला घेतल्या. टाका घालता घालता मावशी गुणगुणत होती,

सुई पुढे जाते, दोरा मागून येतो,
दोन्ही अंगांनी टाका, तेव्हा जोड राहतो.

असा माझा जन्म झाला. जोडाची शिवण माझ्या पोटावर आडवी राहिली आणि चित्रातल्या माणसांच्या नेमक्या नाकावरून जाऊ लागली. एकदा एक पुढारी रागावला. म्हणाला, "भर सभेत माझं नाक कापलंत!" मावशी म्हणाली, "तुमचं एकट्याचं नाही हो, शिवण काही पक्ष बघत नाही."

माझे कापड पातळ. त्यामुळे चित्र मागच्या बाजूनेही दिसते, फक्त उलटे. उजवा हात डावा होतो, एवढेच. मैदानातल्या खुर्च्या भरल्या की उरलेली माणसे माझ्या मागे, नदीकाठच्या पायऱ्यांवर बसत. मला काय, दोन्हीकडची माणसे माझीच!

आमचे गाव नदीच्या दोन काठांवर वसलेले आहे. मधला लाकडी पूल तेव्हा बंद पडला होता. पलीकडच्या दवाखान्यात जायचे तर सगळ्या गावाला वळसा. त्यातच निवडणूक आली. जांभळ्या झेंड्याचे म्हणत, "पूल पिवळ्यांनी बंद केला." पिवळे म्हणत, "जांभळ्यांनी करायला लावला." चष्मेवालीने ठरवले, या पुलावरच माहितीपट काढायचा. तिचे बाबा जांभळ्यांचे जुने कार्यकर्ते, एके काळचे नगरसेवक. पूल बंद करायची सही ज्यांची, ते पिवळ्यांचे पूलकाका. तिने दोघांच्याही मुलाखती घेतल्या.

पहिला खेळ झाला त्या संध्याकाळी जांभळे लवकर येऊन खुर्च्यांवर बसले. पिवळे उशिरा आले, ते मागे पायऱ्यांवर. पूलकाका आणि काकूही तिथेच होते. चित्र सुरू झाले आणि नदीवरून वारा सुटला. माझा खालचा कोपरा सुटून फडफडू लागला. चष्मेवाली धावत मागे आली आणि कोपरा मुठीत धरून तिथेच बसली. आपला सिनेमा मागून पाहायची तिची ही पहिलीच वेळ.

माझ्या अंगावर पूलकाकांचा चेहरा उमटला. प्रश्न आला, "काका, पूल का बंद केलात?" काका गप्प. कितीतरी वेळ गप्प. आणि तिथेच चित्र बदलले.

समोरून हशा उसळला. "बोलती बंद!" कोणीतरी शिट्टी मारली. बाबांनी मांडीवर थाप मारून शेजाऱ्याला टाळी दिली. मागे मात्र माणसे पूलकाकांकडे वळून पाहू लागली. मग काकू हळूच म्हणाल्या, "अहो, तुम्ही तर केवढं बोलला होतात तिच्यापुढे. चहा गार होईपर्यंत."

"बोललो होतो. तिला ऐकू आलं नसेल."

"समोर बसून ऐकू नाही आलं? चष्मे करते म्हणून काय कानाला कामच नाही?"

काकूंना ठाऊक नव्हते की चष्मेवाली त्यांच्या पायांशीच बसली आहे. मित्रांनो, माझा कोपरा धरलेली ती मूठ घामाने ओली झाली. खेळ संपला, समोरून टाळ्यांचा कडकडाट झाला, तरी ती मूठ काही सुटेना.

दुसऱ्या दिवशी मला धुऊन अंगणातल्या दोरीवर वाळत घातले. ओल्या कापडाआडून मी बाप-लेकीचे बोलणे ऐकले.

"बाबा, काकांचं पुढचं बोलणं मी कापलं. त्यात तुम्ही होता."

"मग बरंच केलंस की! टाळ्या पडल्या ना? कशाला उकरतेस?"

"टाळ्या समोरून पडल्या. मागे काकू बसल्या होत्या."

"अगं, निवडणूक तोंडावर आली आहे. लोक मला फाडून खातील."

"लोकांना नीट दिसावं म्हणून काचा घासते मी. आणि सिनेमात त्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधू?"

बाबांनी चप्पल पायात सरकवली. "दाखव काय दाखवायचं ते. मी येणार नाही."

ती आधी काकांकडे गेली आणि चुकले म्हणाली. काकूंनी म्हणे तिला दारातच सुनावले आणि मग आत बसवून चहा दिला. तिथून येऊन तिने कापलेला तुकडा परत जोडला. मग गावाला सांगितले, नवा खेळ आहे, ज्याला जिथे बसायचे तिथे बसा.

गर्दी लोटली! भांडण बघायला कोण येत नाही? दिवे मालवल्यावर एक माणूस खाली मान घालून आला आणि माझ्या मागे, अगदी शेवटच्या पायरीवर बसला. ते बाबा होते. मी ओळखले, पण सांगू कोणाला?

पुन्हा तो चेहरा, तो प्रश्न, ती शांतता. समोर हशा पिकू लागला होता, तेवढ्यात माझ्या अंगावरचे काका बोलले, "बंद मीच केला. फळ्या कुजल्या होत्या, कोणाचा तरी जीव गेला असता. नगरपालिकेत दुरुस्तीचा ठराव मीच मांडला. तो पडला. विरोधात हात वर करणाऱ्यांत तुझे बाबाही होते, पोरी. म्हणून बोलायला वेळ लागला."

हसणारी तोंडे उघडीच राहिली. चष्मेवालीने कोपरा धरला होता. तिची मूठ या वेळी कोरडी होती.

बाबा उठले. पायऱ्या चढून, मला वळसा घालून ते समोर आले आणि प्रकाशाच्या झोतात उभे राहिले. त्यांनी उजवा हात वर केला. त्या हाताची ही एवढी मोठी सावली माझ्यावर पडली, पार शिवणीच्या वर गेली.

"हाच तो हात," बाबा म्हणाले. "ठराव पिवळ्यांचा म्हणून विरोधात वर केला. फळ्या बघायला गेलोच नाही. आज पूल दुरुस्त व्हावा म्हणून वर करतोय. अजून कोणी आहे का?"

मागून पूलकाकांचा हात वर झाला. काकू म्हणाल्या, "एवढंच होतं तर तेव्हाच करायचं!" आणि त्यांनी दोन्ही हात वर केले. मग समोर एक, मागे दोन, आणि बघता बघता हातांचे रान उगवले! समोरच्यांना मागचे दिसत नव्हते, मागच्यांना समोरचे. ते सगळे हात एकाच वेळी पाहणारा त्या मैदानात मी एकटाच होतो. तसे भाग्य रेशमालाही मिळत नाही!

निवडणूक कोणी जिंकली ते मला आठवत नाही. पूल मात्र नवा झाला. तो खुला झाला त्या संध्याकाळी मला पुलाच्या मधोमध, दोन्ही कठड्यांना ताणून बांधले. अर्धे गाव एका काठाकडून बसले, अर्धे दुसऱ्या काठाकडून. समोर कोण आणि मागे कोण, हे त्या दिवशी कोणालाच सांगता येईना. दोन्हीकडची माणसे एकाच जागी हसली आणि एकाच जागी गप्प झाली. खाली नदी वाहत होती आणि मी शिडासारखा फुगलो होतो!

आता माझ्या अंगावर डाग पडले आहेत आणि दोन ठिगळे आहेत. चष्मेवालीच्या कपाटात मी घडी होऊन पडलेला असतो. मित्रांनो, तुमच्याही हातात आज ना उद्या कॅमेरा येईल. तुमचा पडदा स्वच्छ धुवा, कोरडा करून ठेवा, उंदरांपासून जपा. आणि खेळ लावाल तेव्हा टाळ्या ऐकत समोरच बसून राहू नका. एकदा उठा आणि पडद्याच्या मागे जाऊन बसा. कोपरा धरायला तिथे कोणीतरी लागतेच.