मावशी येणार म्हणून

मावशीच्या घरात उघडी अशी एकच वस्तू उरली होती, ती म्हणजे काकांचं टक्कल. आणि त्यावरही तिचा डोळा होता.

बाकी सगळं झाकून झालं होतं. टीव्हीला झालर होती, रिमोटला झबलं होतं, पाण्याच्या बाटलीला पायघोळ झगा होता. टेलिफोन बंद पडून वर्षं लोटली तरी त्याच्या अंगावरची जाळीची शाल दर महिन्याला धुतली जायची. साबणाला पिशवी होती, आणि रिकाम्या पिशव्या ठेवायलाही पिशवी होती. चहाच्या कपाला स्वेटर असल्यामुळे काकांना त्याचा कान चाचपून शोधावा लागे. पण ते बोलायचे नाहीत. त्यांनी उभी नोकरी घरोघर फिरून पाण्याचे मीटर वाचण्यात घालवली होती. दुसऱ्याच्या घरात काही का दिसेना, आकडा टिपायचा आणि मुकाट बाहेर पडायचं, ही नोकरीतली सवय संसारात फार कामाला आली. मावशीने काहीही दाखवलं की ते 'छान' म्हणायचे आणि पेपर उघडायचे.

मावशीला खरं तर त्या 'छान'चीही गरज नव्हती. दुपारची भांडी आवरली की ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसायची, पायाशी दोऱ्याचा गुंडा सोडायची आणि क्रोशाच्या सुईवर पहिली साखळी घालायची. मग तिला कशाचं भान राहत नसे. चार साखळ्या, एक मुका खांब म्हणजे बुटका टाका, पुन्हा चार साखळ्या. आधी बोट जाईल एवढं भोक, त्याभोवती एक फेरी, मग दुसरी, आणि बघता बघता हातात सूर्यफूल. चुकलं तर दोरा ओढायचा, सगळं सुर्रकन उसवायचं, आणि दोरा पुन्हा होता तसा. एवढी सोय तिला आयुष्यात दुसऱ्या कशातच मिळाली नव्हती. ती टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. तिथे एकदा चुकीचा नंबर जोडला की शिव्या खाव्या लागत, उसवता काही येत नसे.

अडचण एवढीच होती की घर लहान आणि दुपारी लांबलचक. माल घरात मावेना, तेव्हा मावशीने नातेवाइकांना धरलं.

थोरली बहीण गेल्यापासून तिच्या तिन्ही मुलांना मावशीच आईच्या जागी होती. मोठा भाचा बँकेत मॅनेजर होता आणि पोटानेही मॅनेजर दिसायचा. भाची दातांची डॉक्टर होती. धाकटा भाचा गाड्यांच्या शोरूममध्ये होता. तिघांची घरं एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. मावशीने तिघांना जेवणाच्या टेबलावर घालायला एकेक मोठा गोल रुमाल करून दिला. सूर्यफुलाची नक्षी, कडेने पाकळ्या. तिन्ही अगदी एकसारखे, म्हणजे कुणी म्हणायला नको की मावशीने उजवंडावं केलं.

त्यानंतर ती ज्या ज्या घरी गेली तिथे टेबलावर रुमाल होता. कधी म्हणून चुकला नाही. ती जायच्या आदल्या दिवशी फोन करायची, 'उद्या येते, काही करू नका' म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी दारातूनच तिला ते सूर्यफूल दिसायचं. मनातून ती एवढी सुखावायची की समोर आलेल्या बिस्किटांची चव तिला कळायची नाही. आपल्या हातचं काम तीन घरांत रोज वापरात आहे, याहून बाईमाणसाला आणखी काय हवं, असं ती काकांना सांगायची. काका छान म्हणायचे.

आता मोठ्या भाच्याकडे तो रुमाल नेहमी उलटा घातलेला असायचा ही गोष्ट वेगळी. क्रोशाच्या कामाला उलट आणि सुलट बाजू असते. करणाऱ्याला ती लांबून कळते, बाकीच्यांना नाकासमोर धरली तरी कळत नाही. मावशी त्यावर बोलायची नाही. भाचेसून चहा करायला आत गेली की ती हळूच उठायची, रुमाल सुलट घालायची आणि साळसूदपणे परत जागेवर बसायची.

असाच तो एकदा सुलट करताना घोटाळा झाला. त्या दिवशी चहा आधीच आला होता. मावशीच्या कोपराचा धक्का कपाला लागला आणि कडेच्या पाकळीवर चहा सांडला. डाग बदकाच्या आकाराचा पडला, मान, चोच, शेपूट सगळं जागच्या जागी. आयुष्यभर दुसऱ्यांना 'कप बशीत ठेवा' सांगत आलेल्या मावशीला घाम फुटला. तिने बिस्किटांची बशी बदकावर सरकवली, घरी काम आहे म्हणाली आणि काढता पाय घेतला.

पुढच्याच आठवड्यात ती भाचीकडे गेली. टेबलावर सूर्यफूल होतं, उलटंच होतं. भाची आत गेल्यावर मावशीने सवयीने रुमाल उचलला, आणि कडेच्या पाकळीवरून बदक तिच्याकडे बघत होतं.

आधी तिला वाटलं, डोळ्यांचा नंबर वाढला. मग वाटलं, भाचीच्या हातूनही चहा सांडला असेल. पण चहा सांडतो तेव्हा तो दर वेळी चोच काढत नाही. तिन्ही घरांत मिळून रुमाल एकच शिल्लक होता, आणि तो तिच्या पुढे पुढे घर बदलत होता. भाचीला जाब विचारावा तर डाग कुणी पाडला ते आधी सांगावं लागलं असतं. तिने चहा घेतला आणि घरी आली.

खुर्चीत बसून तिने सुई हातात घेतली. दोरा बोटाला गुंडाळला. चार साखळ्या झाल्या, आणि मुका खांब घालताना हात थांबला. कुणासाठी करायचं हे? कपाटात कोंबायला? तिला रडू आलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. अर्धवट सूर्यफूल सुईसकट पिशवीत पडून राहिलं, आणि दुपारी करायचं काय हे मावशीला कळेना. ती नुसतीच खिडकीतून बाहेर बघत बसायला लागली. काकांनी एकदा आपण होऊन विचारलं की नवीन काही नाही का, यावरूनच काय ते समजावं.

पण दुःख जुनं झालं की मावशीचा राग वर यायचा. एका सकाळी तिने तिघांनाही फोन लावले. उद्या दुपारी एकापाठोपाठ एक तिन्ही घरी येते, एकेक कप चहा घेते, काही करू नका. तिन्ही फोनवर पलीकडे बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. मावशीने जन्मभर लोकांचे फोन जोडले होते, असल्या शांततेचा अर्थ तिला बरोबर कळायचा.

तिने शेवटच्या घरी बोलायचं वाक्यसुद्धा घोकून ठेवलं होतं. 'माझा रुमाल दमला असेल, त्याला जरा बसू द्या.' आरशासमोर म्हणून बघितलं, झकास झालं.

मोठ्या भाच्याकडे रुमाल टेबलावर होता. बदक धुऊन फिकट केलं होतं, पण चोच गेली नव्हती. भाचा भर दुपारी बँकेतून घरी आला होता, म्हणे डोकं दुखतंय. मावशीने चहा घोट घोट पुरवून घेतला. भाचेसून कप रिकामा होण्याची वाट बघत खुर्चीच्या कडेवर बसली होती. शेवटी मावशी निघाली आणि कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याच्या गाडीआड जाऊन उभी राहिली. दोनच मिनिटांत मोठ्या भाच्याची स्कूटर सुसाट गेली. डोक्यावर हेल्मेट, काच खाली ओढलेली, आणि हँडलला लटकवलेल्या पिशवीतून सूर्यफुलाची पाकळी फडफडत होती. मावशीने रागाच्या भरात नको असलेले दोन कोबी घेतले.

भाचीच्या टेबलावर रुमाल पोचला होता, त्याच्या कडा अजून हलत होत्या. दाराशी मोठ्या भाच्याचे बूट होते. इथे मात्र तिने डाव बदलला. चहा दोन घोटांत संपवला, 'येते' म्हणाली आणि भाची 'अगं, थांब ना, थांब' म्हणेस्तोवर मागच्या बोळाने धाकट्या भाच्याकडे धूम ठोकली. या वयात, कोबी घेऊन.

धाकट्याच्या बायकोने दार उघडलं आणि तिचा चेहराच पडला. फरशी ओली आहे, पाय घसरेल, असं म्हणत ती दारात आडवी उभी राहिली. फरशी कोरडी ठणठणीत होती. मावशी गप्प उभी राहिली, कारण चपलांच्या कपाटावरच्या आरशात तिला स्वयंपाकघर, त्यामागचं उघडं दार आणि परसातली भिंत सरळ दिसत होती.

भिंतीवर बँकेचे मॅनेजर होते. एक पाय अलीकडे, एक पलीकडे, मधे पोट अडकलेलं. धाकटा भाचा खालून त्यांचा पाय धरून ओढत होता. दोन्ही हात भिंतीला लागत असल्यामुळे मॅनेजरांनी रुमाल दातांत धरला होता, मांजर पिल्लू धरते तसा, जपून. मग काहीतरी फाटल्याचा आवाज आला आणि ते धप्पकन खाली पडले. गुडघ्यातून रक्त येत होतं. त्यांनी गुडघ्याकडे पाहिलंच नाही. आधी रुमाल उलगडून पाहिला, फुंकर मारली आणि भावाच्या हातात दिला.

मावशीचं घोकलेलं वाक्य ओठांपर्यंत आलं होतं. ते तिथेच राहिलं.

आत गेली तेव्हा टेबलावर सूर्यफूल होतं. एका पाकळीवर दातांचे ओले ठसे होते. थोड्या वेळाने मोठा भाचा आतून लंगडत आला, म्हणाला, सहज आलो होतो.

"पाय दुखतोय का रे?" मावशीने विचारलं.

"नाही गं. कुठे काय?"

"बस मग."

तिने तिसरा चहा घेतला, रुमालाबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि कोबी तिथेच विसरून घरी आली.

घरी आल्यावर मात्र बांध फुटला. तिने काकांना सगळं सांगितलं, बदकापासून भिंतीपर्यंत. सख्ख्या बहिणीची मुलं, आणि इतकी वर्षं डोळ्यांत धूळफेक. नको होता तर तोंडावर सांगायचं. मी कुणाशी असं वागले असते का, असं तिने तीनतीनदा विचारलं. काकांनी पेपरचं पान उलटलं.

तेवढ्यात मोबाइल वाजला. काकांची थोरली बहीण, म्हणजे मावशीची नणंद, उद्या सकाळी येत होती. मावशी तोंडभर 'या ना वन्सं, या' म्हणाली, फोन ठेवला आणि त्याच दमात ओरडली, "अहो, माळ्यावरचं ते चित्र काढा!"

वन्संनी म्हातारपणी रंगांचे डबे आणले होते, आणि पहिलं चित्र भावाच्या घरी दिलं होतं. निळे फटकारे आणि लाल गोळा. काका स्टुलावर चढले, चित्राची धूळ झटकली आणि खिळ्याला अडकवू लागले. मावशी खालून म्हणाली, गोळा खालच्या अंगाला घ्या.

"मागच्या वेळी वर होता," काका म्हणाले.

"मग?"

"त्याच्या आधी खाली होता. तू चहा करायला आत गेलीस की ताई उठते, चित्र फिरवते आणि परत जागेवर बसते."

मावशी म्हणाली, "आणि हे तुम्ही मला आज सांगताय?"

"तू विचारलं नव्हतंस."

आधी तिला वन्संपुढे ओशाळल्यासारखं वाटलं, मग स्वतःची लाज वाटली. मग तिला तो फुटलेला गुडघा आठवला. ती तर वन्संसाठी कधी भिंत चढली नव्हती, तिने नुसतं नवऱ्याला स्टुलावर चढवलं होतं.

सकाळी वन्सं आल्या तेव्हा चित्र भिंतीवर नव्हतं, टेबलावर आडवं ठेवलं होतं.

"वन्सं, याची वरची बाजू कुठली हो?" मावशीने सरळ विचारलं.

वन्संनी चित्राकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. "गोळा वर," त्या म्हणाल्या. "पण ते माळ्यावरच राहू दे गं. तुझे रुमाल तरी माझ्याकडे कुठे बाहेर असतात? तू येणार म्हटलं की काढते आणि इस्त्री फिरवते."

मावशी हसायला लागली ती थांबेचना. डोळ्यांतून पाणी आलं, पदराने पुसलं, पुन्हा आलं. वन्संही हसल्या. हसणं ओसरल्यावर मावशीने पिशवी पुढे ओढली, अर्धवट सूर्यफूल बाहेर काढलं आणि गप्पा मारता मारता राहिलेला मुका खांब घातला. पुढच्या चार साखळ्या आपोआप आल्या. दोरा बोटातून पूर्वीसारखा सरकत होता, तिला एकदम भूक लागल्यासारखं वाटलं.

"हा कुणाला?" वन्संनी जरा भीतभीतच विचारलं.

"कुणालाच नाही. मला करायला आवडतं म्हणून."

वन्संच्या पोटात काही राहत नाही. संध्याकाळपर्यंत बातमी तिन्ही घरांत पोचली, आणि दिवेलागणीला भाचीचा फोन आला. आवाज चांगलाच दुखावलेला होता.

"मावशी, नवीन मोठा रुमाल करतेयस म्हणे. आणि आम्हाला नाही?"

मावशीने फेरीचा शेवटचा खांब पुरा केला, मग शांतपणे म्हणाली, "आहे की तुमच्याकडे एक. तिघांत."