वाळ्याचं अत्तर

“खानदानी औरतों का इत्र है, ठंडे मिजाज का,” असं भिवंडीचा अत्तरवाला म्हणाला आणि कमळा हुरळली. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवात तिनं ते वाळ्याचं अत्तर मोठ्या तोऱ्यात प्रत्येकीच्या हाताला लावलं. शेवटी दिघाशीची ठकुबाई हात पुढे करून बसली होती. नदीकाठी वाळा खणून विकणाऱ्या बाईला कसलं आलंय अत्तर! कमळानं बाटलीला बूच लावलं आणि तिच्या ओंजळीत नुसते भिजवलेले हरभरे घातले. घालताना ती वाकली, तर त्या भेगाळलेल्या हातांना तोच गार वास होता, बाटलीतल्यापेक्षा गर्द.

ठकुबाईनं ओंजळ चटकन मागे घेतली.

“मुळं खणून वास मुरलाय, वैनी. धुतला तरी जात न्हाय. माफ करा.”

माफी ठकुबाई मागत होती आणि तोंड लपवायला जागा कमळाला सापडत नव्हती.