मोठ्या अक्षरांची जरब

थोरलीच्या हातात ब्रश आला तो वडिलांकडून, आणि जीभही त्यांचीच. त्यामुळे बोर्ड रंगवण्याच्या त्या दुकानात रंगाचा वास आणि बापलेकीची वादावादी, दोन्ही दिवसभर भरून राहिलेली असत. वडिलांना सगळा परिसर पेंटरकाका म्हणायचा. बोर्डावर पेन्सिलीनं अक्षरांची आखणी करायची ती पेंटरकाकांनी, आणि आखलेल्या अक्षरांत रंग भरायचा तो थोरलीनं. तिची चाळिशी जवळ आली तरी ही वाटणी तसूभर हलली नव्हती, आणि तेच तिला सलत होतं. हात तयार होता, डोळा तयार होता. अडून बसले होते ते बाबा.

पेंटरकाका इंग्रजी बोर्ड आला की सगळी अक्षरं कॅपिटल काढत. एका उंचीची, लालभडक, छाती काढून उभी. यामागे इतिहास होता. तरुणपणी त्यांनी एका शिंप्याचं नाव कॅपिटलनं सुरू केलं आणि खाली 'टेलर' लहान अक्षरांत लिहिलं. शिंपी तणतणत आला. "नाव मोठं आणि धंदा छोटा? मी नावावर जेवतो की धंद्यावर?" पाठोपाठ एक किराणावाला आला. त्याच्या बोर्डावर 'अँड सन्स' लहान अक्षरांत होतं आणि त्याचे दोन्ही मुलगे रुसून घरी बसले होते. त्या दिवशी पेंटरकाकांनी ठरवलं, सगळ्यांनाच मोठं करून टाकायचं. न रहेगा बांस, न बजेगी बांसुरी म्हणतात तशातली गत. पुढे कुणी रुसलं नाही, हे मात्र खरं.

"बाबा, कॅपिटल म्हणजे काही मानाची खुर्ची नाही, येईल त्याला बसवायला," थोरली म्हणायची. "वाक्य सुरू झालं, माणसाचं नाव आलं, गावाचं आलं, वार-महिना आला, तर कॅपिटल. बाकीच्यांनी गुमान लहान राहायचं. बोर्डावर फार तर शब्दाचं पहिलं अक्षर मोठं करा. लहान अक्षरांना डोकी असतात, शेपट्या असतात. शब्दाला चेहरा येतो. तुमची अक्षरं म्हणजे विटांची भिंत."

"भिंत लांबून दिसते," पेंटरकाका म्हणायचे, आणि पेन्सिलीला टोक काढायला घ्यायचे. विषय संपला.

अशात रुग्णालयाची नवी इमारत उभी राहिली आणि तिथल्या मेट्रनबाईंनी इंग्रजी बोर्डांसाठी विचारलं. नातेवाइकांना कुठली खोली कुठे ते चटकन कळलं पाहिजे, एवढीच त्यांची अट. थोरलीनं संधी साधली.

"एक नमुना तुमचा, एक माझा. आखणीसुद्धा माझी," ती म्हणाली. "माझा पसंत पडला तर यापुढे दुकानातली आखणी मी करणार."

"आणि माझा पडला तर?"

"तर जन्मभर मुकाट्यानं रंग भरीन."

"मुकाट्यानं? मग मीच जिंकलेला बरा," पेंटरकाका म्हणाले.

रुग्णालयाच्या लांबलचक बोळात समोरासमोर दोन वेटिंग रूम होत्या. एकीवर वडिलांचा बोर्ड लागला, दुसरीवर लेकीचा. शब्द तेच, रंग तोच लाल. वडिलांचा सगळा कॅपिटल, लेकीचा फक्त पहिल्या अक्षरांपुरता. दुसऱ्या दिवशी दोघं बघायला गेली. थोरलीला धाकधूक अशी नव्हतीच. आपलं काम आपण ओळखतो, असं तिचं साधं म्हणणं होतं.

तिच्या खोलीत बरीच माणसं बसली होती, एकही खुर्ची रिकामी नव्हती. वडिलांच्या खोलीत चिटपाखरू नव्हतं. बाहेर मात्र एक म्हातारी भिंतीला टेकून उभी होती. पाय भरून आले होते, ते तिच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं.

"आजी, आत खुर्च्या रिकाम्या आहेत. बसत का नाही?" पेंटरकाकांनी विचारलं.

"आत जायला मनाई आहे ना?" म्हातारी बोर्डाकडे हात करून म्हणाली. "चष्मा घरी राहिलाय, वाचता येत नाही. पण अक्षरं ओळखीची आहेत हो. आमच्या रस्त्यावर जिथं गाडी लावू नका, जिथं विजेचा धोका, जिथं आत येऊ नका, तिथं हीच अक्षरं असतात. ही दिसली की मी आपली लांब उभी राहते."

पेंटरकाकांनी मान वर करून आपल्या बोर्डाकडे पाहिलं. रस्त्यावरचे ते सगळे बोर्डही त्यांनीच रंगवले होते. उभ्या आयुष्यात त्यांनी या परिसराला दोनच गोष्टी मोठ्यानं सांगितल्या होत्या, दुकानांची नावं आणि 'नाही'. दुकानांची नावं लोकांना तोंडपाठ होती, तिकडे वर बघायचं कुणाला कारणच नव्हतं. ध्यानात राहिलं होतं ते 'नाही' तेवढं.

थोरलीला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण बाबांचा चेहरा बघून तो तिनं मनातच ठेवला. तिनं म्हातारीला एका बाजूनं धरलं, बाबांनी दुसऱ्या बाजूनं, आणि दोघांनी तिला आत नेऊन बसवलं. म्हातारीनं पाय लांब केले आणि "हुश्श" म्हणाली.

मेट्रनबाईंना काही सांगावंच लागलं नाही. त्यांनी दारातून सगळं पाहिलं होतं. इमारतीचे सगळे बोर्ड थोरलीच्या पद्धतीनं करायचे ठरले.

दुकानात परतल्यावर थोरली टेबलाशी आपल्या जागेवर बसली. पेंटरकाकांनी कोरा पत्रा टेबलावर आडवा केला, पेन्सील तिच्या पुढ्यात ठेवली आणि स्वतः रंगाचा डबा ढवळायला बसले.

"आख तू," ते म्हणाले. "मी भरतो."

थोरलीनं पट्टी लावली आणि पहिली रेघ ओढली.

"रेषेबाहेर रंग गेला तर ओरडशील?" थोड्या वेळानं त्यांनी विचारलं.

"ओरडणार तर!" मान वर न करता थोरली म्हणाली. "तुम्ही मला कधी सोडलंत?"

पेंटरकाका हसले आणि चष्मा पुसून, जीभ दातांत धरून, लेकीनं आखलेल्या अक्षरात जपून रंग भरू लागले.